अकरा माणसं, आठ आणे विहीर: गावी राहायला गेल्यापासून आम्हाला विचारले जाणारे प्रश्न

जून २०२१मध्ये आम्ही पिंपरीतली भाड्याची दोन घरं सोडून राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आलो. तेव्हापासून लग्नात, मयतीत, मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) जेवणात आणि फोनवर तेच ते प्रश्न येतात. काही प्रश्न काळजीचे असतात, काही नुसत्या चौकशीचे, आणि काहींचं उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. दर वेळी तेच सांगून माझा घसा बसतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी या घरातली थोरली सून. नवऱ्याने लिहिलं असतं तर अर्धा मजकूर मोटारीच्या वाइंडिंगवर गेला असता.

अकरा जण म्हणजे नक्की कोण कोण?

सासूबाई. मी आणि माझा नवरा. आमची चार मुलं: थोरली मुलगी, मग दोन मुलगे, शेवटची धाकटी. दीर आणि जाऊ, त्यांच्या दोन मुली. नणंद नगरला असते, पण कांदा काढणीला आणि नाताळला ती तिच्या माणसांसह येते, तेव्हा आकडा पंधरावर जातो. "एवढी माणसं एका घरात?" असं शहरातले विचारतात. गावात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, "एकाच चुलीवर?" तर हो, चूल एकच. पहिल्या वर्षी दोन करून पाहिल्या. सरपण दुप्पट लागलं आणि भांडणं तेवढीच राहिली.

तुम्ही धर्मासाठी गेलात का? काही संकल्प, साक्षात्कार वगैरे?

नाही. हा प्रश्न आमच्याच लोकांकडून जास्त येतो. परदेशातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे व्हिडिओ लोक बघतात, पांढरं कुंपण, लांब झग्यातल्या मुली, घरचा पाव. त्यांना वाटतं आम्हीही तसेच निघालो.

खरं कारण असं. नवऱ्याचा टूलरूमचा कारखाना टाळेबंदीनंतर पुन्हा धडपणे सुरूच झाला नाही. दिराचं दुकान आधीच बसलं होतं. दोन घरांचं भाडं आणि सहा मुलांच्या फिया यांचा मेळ बसेना. सासूबाई गावी एकट्या होत्या आणि त्यांचा गुडघा गेला होता. शेत पडीक होतं. प्रार्थना केली, नाही असं नाही. आमच्याकडे कुकर घ्यायचा तरी प्रार्थना होते. पण उत्तर आकाशातून आलं नाही, घरमालकाच्या फोनमधून आलं.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यात ख्रिस्ती शेतकरी? तुम्ही मूळचे गोव्याचे की वसईचे?

दोन्हीकडचे नाही. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं घातलं ते १८३१ साली. 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक १८४२मध्ये नगरहूनच सुरू झालं. पुढे राहुरी, वडाळा, शेवगाव, नेवासे या भागात शाळा आल्या, मंडळ्या आल्या. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षं राहुरीला राहिले होते. संगमनेर, श्रीरामपूरकडे कॅथलिक फादर लोकांचं काम मोठं. हरेगावची मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, यात्रा सप्टेंबरात भरते, तिला सगळ्या जातीधर्मांची माणसं लोटतात. आम्ही प्रोटेस्टंट, तरी सासूबाई शेजारच्या मावशींबरोबर हरेगावला जाऊन येतात. पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) एकदा हटकलं तर म्हणाल्या, "आईला भेटायला गेले होते, लेकाला काय राग येतोय?"

आमचे पूर्वज बहुतेक गावकुसाबाहेरचे. १८७६ ते ७८च्या दुष्काळाच्या आगेमागे बरीच घरं ख्रिस्ती झाली. धान्यासाठी झाली असं म्हणणारे म्हणतात. आमच्याकडे सांगतात की शाळेसाठी झाली. मला वाटतं दोन्ही खरं असेल, आणि दोन्हीत लाजण्यासारखं काही नाही. सासरे मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पगारातून त्यांनी साडेचार एकर जमीन घेतली. म्हणून गावात आमचं घर अजून मास्तरांचं घर आहे.

आणि हो, आम्ही भाकरी खातो. हे विचारणारेही भेटलेत.

जमीन तुमच्या नावावर आहे का? सातबाऱ्याचं काय केलंत?

यात आमचं एक वर्ष गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सासरे मृत्युपत्र न करता वारले होते. वारसनोंदीला गेलो, तर तिथे आमचं ऐकून न घेताच चौघांचे समान हिस्से मांडले. हिंदू घरात स्वकष्टाच्या जमिनीचं तसंच होतं. ख्रिस्ती माणसाला मात्र १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि विधवा व मुलं मागे असतील, तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे. त्यातले ६० सासूबाईंचे, आणि नवरा, दीर, नणंद यांचे प्रत्येकी ४०. समान वाटणीत प्रत्येकाला ४५ आले असते. फरक १५ गुंठ्यांचा, पण सासूबाई त्यासाठी अडून बसल्या. गुडघा धरून तालुक्याला तीन वेळा आल्या. "मास्तरांनी कायदा पाळला आयुष्यभर, आता कागदावर चुकीचं कसं लिहू देऊ?" शेवटी वकिलाकडून कायद्याचं कलम लिहून नेलं, तेव्हा फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) बरोबर झाला.

गावातल्या दोन-तीन जणांनी नणंदेकडून हक्कसोडपत्र लिहून घ्या असं सुचवलं, "बहिणी देतात." आम्ही मागितलं नाही आणि तिने दिलं नाही. तिचे ४० गुंठे आम्ही वाट्याने करतो, अर्धा माल तिचा. तुमच्या घरी अशी जमीन पडून असेल तर घर हलवण्याआधी सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार काढून बघा. आम्ही उलट केलं. ट्रक आधी आला, कागद नंतर.

आमच्याकडे वडिलोपार्जित काही नाही. गावात शेतजमीन विकत घेता येईल?

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. "सगळं मॅनेज करतो" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पिऊन निघून या.

सुरुवातीला सर्वांत मोठी चूक काय झाली?

संडास.

जुन्या घराला संडास होता, पण तो एका म्हातारीपुरता. एकच उथळ खड्डा, तोही पावसाळ्यात वर येणारा. जूनमध्ये आम्ही अकरा जण झालो आणि नवव्या दिवशी तो भरला. पावसात नवा खड्डा खणता येईना, कारण काळी माती ढासळते. तीन आठवडे आम्ही बायका आणि मुली शेजारच्या घरी जात होतो, सकाळी पाचला, हातात आपली बादली घेऊन. ज्या घरी गेलो त्या घरातल्या आजींनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पण गावात ते सगळ्यांना कळलं होतं. माझी थोरली त्या तीन आठवड्यांत माझ्याशी जे बोलायची बंद झाली, ती दिवाळीपर्यंत.

मग दोन शोषखड्ड्यांचा बांधला. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षात माती होऊन जातं. दोन संडास, दोन मोऱ्या. घराला रंग नव्हता, फरशी नव्हती, पण हे आधी केलं. कुणी विचारलं की गावी जाताना काय न्यावं, तर मी सांगते, आधी गवंडी न्या.

पाण्याचं कसं?

आमची विहीर आठ आण्यांची. म्हणजे निम्मा हिस्सा आमचा आणि निम्मा बांधाला लागून असलेल्या भाऊंचा. पाण्याची बारी ठरलेली: चार दिवस त्यांची मोटार, चार दिवस आमची. सासरे गेल्यावर आमचं शेत पडीक होतं, तेव्हा आठही दिवस भाऊच पाणी घ्यायचे आणि त्यावर त्यांनी ऊस लावला होता. आम्ही आलो म्हणजे त्यांचं निम्मं पाणी गेलं. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नाही, आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही समजत होतो की भाऊ उगाच तुटक वागतात.

सुटलं ते असं. एका रात्री त्यांची पाणबुडी मोटार जळाली. ऊस तहानेला आलेला, दुकानवाला चार दिवसांनी ये म्हणाला. नवऱ्याने ती वर काढून अंगणात उघडली आणि दीड दिवसात वाइंडिंग भरून दिलं. पैसे घेतले नाहीत. पुढच्या बारीला भाऊंनी स्वतःहून आमच्या पाइपाचा कॉक उघडून दिला. आता गावातल्या निम्म्या मोटारी आमच्या अंगणात येतात. त्यांचे पैसे घेतो.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. शहरात पाणी नाही आलं तर टँकर मागवतो, शेजाऱ्याचं तोंड बघायला लागत नाही. पैसे दिले की माणूस टळतो. इथे तसं नाही. पाणी, वाट, औत, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी, सगळं कुणा ना कुणाच्या हातात आहे आणि त्याचंही काहीतरी आपल्या हातात आहे. "साधं राहणं" म्हणतात ते मला तरी एवढंच दिसलं. वस्तू फारशा कमी झाल्या नाहीत. माणसं टाळायची सोय तेवढी गेली.

विजेचं थोडक्यात: शेतीपंपाला थ्री-फेज आठ तास, आठवडे पाळीने दिवसा नाहीतर रात्री. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की मग सगळेच समान. मुळा धरण २६ टीएमसीचं आणि इथून हाकेच्या अंतरावर, पण कालव्याचं आवर्तन सुटेल तेव्हाच पाणी. धरण जवळ आहे म्हणून तहान भागत नाही.

एवढ्यांचा स्वयंपाक कोण करतं?

सकाळचा मी, संध्याकाळचा जो घरी असेल तो. दीर भाकरी थापायला शिकला. पहिले दोन महिने त्या भारताच्या नकाशासारख्या व्हायच्या, आता बऱ्या होतात. सासूबाईंना ते बघवायचं नाही. त्या बाजेवर पाठ फिरवून बसायच्या. आता भाकरी मोडून खाताना म्हणतात, "याच्या बापाला चहासुद्धा येत नव्हता."

बाजरी आठवड्यापुरतीच दळायची, कारण पीठ लवकर कडू होतं. पुण्यात पंधरा दिवसांचं दळून आणायची सवय होती. पहिलं दहा किलो पीठ जनावरांना घातलं. धान्यात कडुलिंबाचा पाला. लाल कांदा ठेवायचा नाही, टिकत नाही. गावरान उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने जातो, पण दर पंधरा दिवसांनी हात फिरवून सडका वेचायचा. हे मुलांचं काम, आणि ते करताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

चुलीला पऱ्हाट्या, तुराट्या, गॅस आहेच. गोबरगॅसही बांधला. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. आमच्या तीन गाई आहेत, त्यामुळे दोन चहा आणि एक भाजी निघते. त्याची स्लरी मात्र घासाला उत्तम. (नगरकडे घास म्हणजे जनावरांचा मेथीघास. पुण्याच्या पाहुण्या बाईंना वाटलं आम्ही जेवणातला घास म्हणतोय.)

खर्च कमी झाला असेल ना? गावात काय लागतं!

हा प्रश्न ऐकला की जाऊ हसते. ती नर्स आहे, तालुक्याला दवाखान्यात जाते, आणि महिन्याच्या सात तारखेला या घरात येणारा एकमेव खात्रीचा पैसा तिचा आहे. आमचं साधं जीवन तिच्या पगारावर चाललेलं आहे. हे लपवून गावाची महती सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

भाडं, क्लास, भाजी, दर रविवारी मॉलमध्ये उगाच जाणारे पैसे हे गेलं. पेंड, पेट्रोल, मोटार, बियाणं, मजुरी, लग्नाचे आहेर हे आलं. गावात आहेर टाळता येत नाही. वहीत लिहिलेला असतो. दुधाला भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्याखाली गेलं की कापतात, आणि उन्हाळ्यात हिरवा चारा संपला की जातंच. कांद्याचं काय सांगू? २०२३च्या पावसाळ्यात लाल कांदा केला. माल बाजारात न्यायला आणि डिसेंबरात निर्यातबंदी यायला एकच गाठ पडली. ट्रॅक्टरचं भाडं निघालं, बाकी देवाची कृपा. नणंदेला तिचा अर्धा वाटा द्यायला नवरा गेला, तर तिने तो परत त्याच्या खिशात कोंबला.

मुलांचं नुकसान नाही का झालं?

झालं. थोडं.

आम्ही आलो ते वर्ष वाईट होतं. शाळा ऑक्टोबरपर्यंत फोनवरच, आणि आमच्या घरात रेंज नाही. थोरली दहावीला. ती गोठ्याच्या पत्र्याला शिडी लावून वर बसायची, छत्री धरून. ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले आणि नोव्हेंबरात एसटीचा संप. तो एप्रिलपर्यंत चालला. मुलं दुधाच्या टेम्पोत बसून शाळेला गेली. ती दहावी पास झाली, पण पुण्यात असती तर आणखी दहा टक्के मिळाले असते असं तिला वाटतं, आणि मला ते खोडून काढता येत नाही. आता तीही नर्सिंगला आहे, नगरला. काकूकडे बघून गेली.

मधल्या दोघांना इथे पंख फुटले. मोठ्याला ट्रॅक्टर उलटा ट्रॉलीसकट लावता येतो, त्याच्यापेक्षा धाकट्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत असा गुरुजी भेटला की पोरगं गणिताला बसायला लागलं. पुण्यात त्याच्या फीमध्ये आमचं घरभाडं निघालं असतं. धाकटीला पिंपरी आठवतच नाही. जावेच्या मोठीला अजून आठवते. ती दर सुट्टीत मावशीकडे जाते आणि येताना लिफ्टचे फोटो काढून आणते.

मुलींना एसटीचा पास फुकट आहे, बायकांना मार्च २०२३पासून निम्मं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. सासूबाईंची पंचाहत्तरी उलटल्यापासून त्यांचा गुडघा बराच बरा आहे.

रविवारी शेतात काम करता का?

वाद घालायचा असेल तर हा चांगला प्रश्न आहे. आमच्या मंडळीत यावर दोन तट आहेत.

गाईला रविवार कळत नाही, धार काढावीच लागते, यावर सगळ्यांचं एकमत. पण कांदा काढणी? मजूर मिळतात ते त्यांच्या सोयीने. आणि विजेची पाळी रविवारी आली तर बारी सोडायची? सासूबाईंचं म्हणणं, सोडायची. दीर बायबलातल्या लूकच्या चौदाव्या अध्यायावर बोट ठेवतो: शब्बाथ (विसाव्याच्या) दिवशी बैल विहिरीत पडला तर लगेच वर काढणार नाही असा तुमच्यात कोण आहे? सासूबाई म्हणतात, "बैल पडला तर काढ. तुझा कुठे बैल पडलाय, तुझी मोटार चालू करायचीये." आता ऑटो स्टार्टर बसवला आहे. वीज आली की मोटार आपोआप चालू होते आणि आम्ही सगळे उपासनेला असतो. याला सोय म्हणायचं की पळवाट, हे ज्याने त्याने ठरवावं.

पाळकसाहेबांकडे चार गावं आहेत, त्यामुळे आमच्याकडे ते महिन्यातून दोनदा. बाकी रविवारी पंचांपैकी कुणीतरी वाचन करतं आणि गाणी होतात. पेटी, ढोलकी, टाळ. पिंपरीच्या चर्चमध्ये गिटार आणि पडद्यावर शब्द होते. मुलांना पहिल्यांदा इथली चाल रडकी वाटली. मग ढोलकी धाकट्या मुलाच्या हातात दिली. तेव्हापासून तक्रार नाही, फक्त लय जरा पुढे पळते.

गावात तुम्हाला वेगळं वागवतात का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर दोन्ही.

वस्ती आजही गावाच्या कडेलाच आहे. लोक तिला मिशनचा वाडा म्हणतात, आणि वाड्याच्या नावावरून जे कळायचं ते सगळ्यांना कळतं. धर्म बदलला म्हणून गाव जात विसरत नाही. सरकार मात्र विसरलं: १९५०च्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या यादीत ख्रिस्ती बसत नाहीत. याचा कडवटपणा जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो.

सप्ताहाला आम्ही दहा किलो गहू देतो, सासरेही द्यायचे. पंगतीला बसायचं की नाही यावर आमच्यातले काही करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय काढतात, मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा. दोन्ही बाजूंचे लोक तोच अध्याय काढतात ही त्यातली मजा. आमच्या घरी नियम असा की कुणी बोलावलं तर जायचं, पानात पडेल ते खायचं आणि घरी येऊन चर्चा करायची नाही. पोळ्याला आमच्याकडे बैल नाहीत, तर मुलं भाऊंच्या बैलांची शिंगं रंगवतात.

एकच गोष्ट मनाला लागते. दफनभूमीचा तुकडा जुना आहे, पण त्याच्या हद्दीबद्दल दर चार-पाच वर्षांनी कुणाला तरी शंका येते, बांध सरकतो. मोजणी मागितली आहे. सासूबाईंनी सासऱ्यांच्या शेजारची जागा काठीने आखून ठेवलेली आहे आणि वर्षातून एकदा ती पुन्हा आखायला जातात. त्यांच्यासोबत जावं लागतं. मला ते आवडत नाही, पण जाते.

नाताळ गावाकडे सुना सुना वाटत असेल?

उलट. पिंपरीत एक केक आणि चार शुभेच्छा. इथे डिसेंबर लागला की फराळ: करंज्या, चकल्या, अनारसे, शंकरपाळे, चार दिवस आणि शेजारच्या सहा बायका. दिवाळीत त्यांच्याकडे आम्ही जातो, नाताळात त्या येतात. तेलाच्या डब्याचा हिशेब सोडला तर हिशेब नाही. बांबूच्या कामट्यांची, पतंगाच्या कागदाची चांदणी करून उंच काठीवर लावतात. पहाटे टाळ-ढोलकी घेऊन फेरी निघते आणि कुडकुडत घरोघर चहा. केकही करतो, पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवून. तळाला करपतो. तेवढाच भाग मुलं आधी मागतात.

मला स्वतःला सुगीचा सण जास्त आवडतो. ज्याच्या शेतात जे आलं ते पहिलं फळ चर्चमध्ये आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. आमच्या जावेच्या मुलीने लावलेल्या वेलाचा एक भोपळा गेल्या खेपेला ११०० रुपयांना गेला. घेणारे भाऊ होते, विहिरीचे. ते ख्रिस्ती नाहीत. लिलाव बघायला म्हणून आले होते आणि चढाओढीत अडकले.

साप, बिबटे?

दोन्ही आहेत. उसामुळे बिबट्या या भागात मुक्कामालाच आहे. आमचा एक कुत्रा गेला. गोठ्याला वरून खालून जाळी मारली, अंधार पडल्यावर मुलं एकटी बाहेर नाहीत, परसाकडे तर नाहीच. (संडासाचं महत्त्व मी वर सांगितलं.)

सापांत मण्यारची भीती मोठी, कारण ती रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तरी कळत नाही. म्हणून सगळे बाजेवर किंवा पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. चावलं तर मांत्रिक नाही, चिरा नाही, घट्ट बांधणं नाही. हालचाल न करता सरळ तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. जावेने हे वस्तीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलंय, चर्चमध्येही सांगितलं, उपदेशाच्या आधी. पाळकसाहेब म्हणाले, आज माझं कुणाच्या लक्षात राहणार नाही.

वायफाय आहे का?

आहे, २०२३पासून. आता शिडीचा उपयोग फक्त शेवग्याच्या शेंगांना.

परत शहरात जाल का?

नवरा नाही म्हणतो. दीर हो म्हणतो, पण कांद्याचा भाव पडलेला असेल तेव्हाच. माझं उत्तर दिवसातून दोनदा बदलतं. रात्री वीज आली म्हणून दोन वाजता उठावं लागतं तेव्हा एक, सकाळी अंगणात सगळे चहाला बसतात तेव्हा दुसरं.

आम्हाला भेटायला यायचंय. कधी यावं?

एप्रिलमध्ये येऊ नका. उन्हाळी कांद्याची काढणी असते, तेव्हा पाहुण्यालाही विळा देतात. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, बाजरी आलेली असते. बॅटरी आणा, बंद चपला आणा, मिठाई आणू नका, सासूबाईंना साखर आहे आणि त्या लपवून खातात. फोन लागला नाही तर फाट्यावर उतरून कुणालाही मास्तरांचं घर विचारा. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली, पत्ता अजून तोच आहे.